चांदव्याच्या चोचीतला निळा

पक्षी मेला की सगळ्यात आधी त्याची चोच खोटं बोलायला लागते. पिसं इमानी असतात. नीट राखली तर पिढ्यान्‌पिढ्या रंग धरून बसतात. चोचीचं तसं नाही. लाल चोच विटकरी होते, मग मातकट. पिवळी चोच जुनाट नखासारखी होते. पांढऱ्या चोचीवर तर चहाची बशी न धुता ठेवल्यासारखी कळा येते. मग कुठला पक्षी कुठला, काही कळत नाही. दोन पांढरे बगळे शेजारी ठेवा. एकाची चोच काळी, एकाची पिवळी, म्हणून ते दोन जातींचे. रंग गेला की दोघे सख्खे भाऊ.

संग्रहालयात येणारी माणसं काचेपुढे उभी राहतात आणि म्हणतात, किती जिवंत वाटतो ना. त्यांना कोणी सांगत नाही की बाबांनो, जिवंत वाटतोय तो आत्याने रंगवलाय म्हणून. सांगणार कोण? दालनाच्या दारावर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, छत गळतं तिथपर्यंत. चोच रंगवणाऱ्या बाईचं नाव कुठे कोरायचं, चोचीवर?

तर ही आत्या पक्षीदालनाच्या मागच्या खोलीत बसायची. आत्या ती खरी एकटीचीच, तिच्या भाचीची. भाची त्याच इमारतीत सुतार होती. बाई सुतार म्हटल्यावर पहिलं वर्षभर लोक तिच्या हातातली करवत बघायला यायचे, फुकट करमणूक. ती दिवसभर आत्या, आत्या करायची, ती हाक सगळ्या इमारतीला लागली. संचालकसुद्धा "आत्या, जरा येता का" म्हणायचे. आत्या जायची, पण जरा थांबून. बोलावल्याबरोबर गेलं की माणूस फुकटचा वाटतो, असं तिचं मत होतं.

आत्याचा एक नियम होता आणि तो तिने स्वतःच केलेला होता: पक्षी जिवंत बघितल्याशिवाय त्याची चोच रंगवायची नाही. पुस्तकातली चित्रं तिला चालत नसत. छापखान्यातल्या माणसाचा त्या दिवशी मूड कसा होता यावर चित्रातला लाल ठरतो, असं ती म्हणायची. ती स्वतः तलावावर जायची, शेताच्या बांधावर जायची, कचरा डेपोवरसुद्धा जायची. बरोबर रंग आणि लाकडाच्या बारीक काड्या. पक्षी जवळ आला की काडी हात लांब करून त्याच्या चोचीशेजारी धरायची, एक डोळा मिटायचा, आणि काडीवरचा रंग नि चोचीचा रंग एक होईपर्यंत मिसळत राहायचं. जमलं की काडी वाळवून, पक्ष्याचं नाव घालून, काळ्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. उजेड नाही, वार्निश नाही. "वार्निश पिवळं पडतं," ती सांगायची, "आणि मग तुमची काडी तुम्हालाच फसवते." असा काड्यांचा जुडगा तिने आयुष्यभर जमवला होता.

अलीकडे मात्र ती तलावावर जात नव्हती. गुडघे, ऊन, गर्दी, कारणं काय, मागाल तितकी. डबाही उघडत नव्हती. इतकी वर्षं झाली, आता काडी कशाला, रंग हातात बसलाय, असं म्हणायची. खरं कारण तिला माहीत होतं आणि ते तिने स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. पाण्यावरचे पक्षी तिला धुरातून दिसायला लागले होते.

याच सुमारास संचालकांना चोचभिंतीची कल्पना सुचली. लांबलचक लाकडी भिंत, भिंतीला गोल भोकं. भोकाला डोळा लावला की आत दिव्याच्या उजेडात फक्त चोच दिसणार. चोचीच्या रंगावरून पक्षी ओळखायचा आणि मग वरची फळी उचलून बघायचं, बरोबर का चूक. कल्पना चांगली होती, हे आत्याने तोंडाने कबूल केलं नाही. "पोरखेळ," म्हणाली. पण त्या दिवशी घरी जाताना ती गुणगुणत होती, हे भाचीने ऐकलं. जन्मभर जे केलं त्याकडे पहिल्यांदाच कोणी निरखून बघणार होतं. पंख नाही, डौल नाही, फक्त चोच. फक्त तिचं काम.

भाचीने भिंत बांधली. फळ्यांना अशा बिजागऱ्या लावल्या की उचलताना कुरकुर नाही. आत्याने एकेक चोच नव्याने रंगवली, कोणाला खोलीत येऊ न देता.

"बाहेरच्यांना बोलावण्याआधी घरच्यांवर प्रयोग करू," संचालक म्हणाले.

घरचे म्हणजे तिकीटवाली, माळी आणि पहारेकरी. पहारेकऱ्याला सगळे घुबड म्हणत, कारण तो खुर्चीत डोळे उघडे ठेवून झोपायचा. तिकीटवालीने पहिल्या भोकाला डोळा लावला. "काळी, बारीक. लहान बगळा." फळी उचलली. बरोबर. माळ्याने पुढच्या भोकात बघितलं. "लालभडक, आखूड. पाणकोंबडी." बरोबर. आत्या मागे हाताची घडी घालून उभी होती. चेहरा कोरा, पण अंगठा दंडावर ताल धरत होता.

मग घुबड पुढे झाला. त्याने भोकाला डोळा लावला, काढला, चोळला, पुन्हा लावला.

"हा इकडचा नाही," तो म्हणाला.

"रोज दुपारी त्याच्यासमोर बसून डबा खातोस," आत्या म्हणाली.

"मी? ह्याच्यासमोर?"

"नीट बघ."

"नीटच बघतोय. परदेशी बदक असणार. चोच निळी आहे."

"उचल फळी."

त्याने उचलली. आत चांदवा बसला होता. काळाकुट्ट, गोल गरगरीत, तलावावर वीतभर पाण्यातही दिसणारा पक्षी. लहान पोरालासुद्धा ओळखता येतो, कारण काळ्या अंगावर चुना लावल्यासारखी पांढरी चोच.

"आत्याबाई," घुबड म्हणाला, "चांदव्याची चोच पांढरी असते. ह्याला थंडी वाजतेय का?"

माळी हसला. तिकीटवाली हसली. मग दोघांनी आत्याकडे बघितलं आणि हसू गिळलं.

"दिवा बदला," आत्या म्हणाली. "स्वस्तातला आणलाय. स्वस्त दिव्यात सगळं निळं दिसतं."

भाचीने दिवा बदलला. चोच निळीच. संचालकांनी स्वतः उठून खिडक्या उघडल्या, पक्षी उन्हात आणला. उन्हात तर ती जास्तच निळी दिसली, बर्फात पुरून ठेवल्यासारखी. पिवळ्या चोचीचा गायबगळा काढून बघितला, तर त्याची चोच हिरवट, कच्च्या आंब्यासारखी. काळ्या आणि लाल चोची ठीक होत्या. पांढऱ्या आणि पिवळ्या सगळ्या बिघडल्या होत्या.

सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. ही नजर फार घाण असते. यात माणूस ओरडत नाही, फक्त तुमच्या वयाचा हिशेब करतो.

"आत्या," संचालक शेवटी म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "हल्ली प्लास्टिकच्या चोची मिळतात. थेट कारखान्यातून, हुबेहूब. आपण तेवढ्या बसवून टाकू. तुमचाही त्रास वाचेल."

तुमचाही त्रास वाचेल. बाईमाणसाला कामावरून उठवायचं असलं की जगात सगळीकडे हेच वाक्य वापरतात. तिच्या हातातून पळी काढून घेतात, किल्ली काढून घेतात, कुंचला काढून घेतात आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करतात.

"माझा त्रास वाचवा म्हणून मी तुम्हाला सांगायला आले होते का?" आत्या म्हणाली आणि मागच्या खोलीत निघून गेली.

भाची तिच्या मागून गेली, पण लगेच बोलली नाही. रंगाची पेटी उघडी होती. सुताराला वस्तू किती झिजली हे आधी दिसतं. तिला दिसलं की पेटीतल्या सगळ्या नळ्या भरलेल्या आहेत आणि निळ्याची नळी तेवढी शेपटापासून गुंडाळून पार पिळून काढलेली आहे.

"आत्या, चोचींना निळा कितीसा लागतो?"

"लागतो."

"कशाला?"

"पांढऱ्यातला पिवळेपणा मारायला. हल्ली पांढरा रंग नळीतूनच पिवळा येतो. कंपन्या चोर झाल्यात."

"त्याच नळीतला पांढरा मी परवा दाराच्या चौकटीला लावला. दुधासारखा आहे."

"तू सुतार. तुला रेघ कळते, रंग कळत नाही."

"रंग तुला कळतो. मग चांदवा निळा का झाला?"

आत्याने कुंचला उचलला, पुसला, परत ठेवला. तो पुसलेलाच होता.

"डोळे दाखवूया," भाची म्हणाली.

"नाही."

"मोतीबिंदू असेल नुसता. आजकाल काही नसतं त्यात. सकाळी जायचं आणि—"

"माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं. काही नसतं त्यात. ती पट्टी बांधून घरी आली. डोळ्यात पू झाला आणि डोळा गेला. त्या धसक्याने दुसरा तिने कोणाला दाखवलाच नाही. तोही गेला. पुढे मी तिला हाताला धरून न्हाणीघरात नेत होते, बये. तुझा बापसुद्धा लहान होता तेव्हा. ती मला विचारायची, आज आभाळ कसं आहे. मी सांगायचे. एकदा मी खोटं सांगितलं, कंटाळा आला होता म्हणून, तर तिला कळलं. मला धुरातून दिसतंय ना, चालेल. धूर तर धूर. काळोख नको."

भाचीने आत्याची समजूत काढली नाही, हे तिचं शहाणपण. समजूत काढलेली बाई दुसऱ्या दिवशी दुप्पट हट्टी होते.

"बरं," ती म्हणाली, "तुझा नियम काय आहे? जिवंत बघितल्याशिवाय चोच रंगवायची नाही. चांदवा शेवटचा जवळून कधी बघितलास?"

आत्या पेटीचं झाकण लावायला लागली.

"मग उद्या सकाळी तलावावर. तुझाच नियम आहे, माझा नाही. तिथे जर निळी दिसली तर मी संचालकांना जाऊन सांगते की अख्खं जग आंधळं आहे."

सकाळी दोघी तलावावर गेल्या. तलावाला एका बाजूने दगडी पायऱ्या होत्या, तिथे लोक पक्ष्यांना दाणे टाकतात, म्हणून चांदवे माणसाळलेले. भाचीने मूठभर दाणे टाकले. पाणी कापत पाच-सहा काळे गोळे आले, एकमेकांना टोचत, भांडत, अगदी पायरीपर्यंत. आत्या खालच्या पायरीवर बसली आणि पुढे वाकली. इतक्या जवळून तिला धुरातूनही नीट दिसत होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा तापला.

"काय केलंय काय ह्या लोकांनी तलावाचं?"

"का?"

"बघ की. सगळ्यांच्या चोची पिवळ्या पडल्यात. चहात बुडवल्यासारख्या. गटारं सोडलीत पाण्यात, दुसरं काय. एकाचीही चोच पांढरी राहिली नाही. मी तक्रार करणार आहे. माझ्या चोचींना नावं ठेवतात. आधी इथे येऊन बघा म्हणावं."

ती मनापासून बोलत होती. भाचीला हसू आलं नाही. ह्या बाईला सगळा तलाव आजारी वाटत होता, पण आपला डोळा वाटत नव्हता. भाचीने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, काळं फडकं सोडलं आणि जुडग्यातून एक काडी निवडून आत्याच्या हातात दिली.

"ही कोणाची?"

आत्याने काडी डोळ्यांजवळ नेली. बुडाशी तिच्याच अक्षरात चांदवा लिहिलेलं होतं. जुनी काडी, धूर नव्हता तेव्हाची.

"हीसुद्धा पिवळी पडलीय," ती म्हणाली. "वार्निश."

"काडीला तू वार्निश लावत नाहीस. उजेडही दाखवत नाहीस."

"मग जुनी झाली."

"पक्ष्याशेजारी धर."

आत्याने सवयीने हात लांब केला, एक डोळा मिटला. एक चांदवा दाण्यासाठी मान वर करून थांबला होता. काडी आणि चोच शेजारी आल्या. आणि दोन्ही तंतोतंत एक होत्या. कुठे काडी संपते, कुठे चोच सुरू होते, कळू नये इतक्या एक. तिने दुसऱ्या चांदव्याजवळ धरली. तीही एक. तिचं जुनं काम चोख होतं. तेच तिला नडलं.

"तलावाचं पाणी सडलं म्हणून चोच पिवळी पडली, मान्य," भाची हळूच म्हणाली. "पण काडी डब्यात होती. दोघींनी ठरवून सारखंच पिवळं पडायचं म्हटलं तरी इतकं जमेल का?"

आत्याचा हात तसाच लांब राहिला. चांदव्याने काडीला खायचं समजून एक टोच मारून बघितली आणि नाराज होऊन निघून गेला.

पक्षी बदलला नव्हता. काडी बदलली नव्हती. राहिलं कोण?

"म्हणजे मी," आत्या म्हणाली.

भाची तिच्या शेजारी पायरीवर बसली. आत्याने काडी फडक्यात गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"काळोख झाला तर?" तिने विचारलं.

"तर मी तुला आभाळ सांगेन. आणि खोटं सांगितलं तर तुला कळेलच."

"एकच डोळा. आधी एकच."

"एकच."

त्याच दिवशी आत्या संचालकांच्या खोलीत गेली, न बोलावता. "पांढऱ्या आणि पिवळ्या चोची चुकल्यात," ती म्हणाली. "दोष दिव्याचा नाही, माझ्या डोळ्यांचा आहे. डोळा दुरुस्त करून येते. तोवर प्लास्टिक बसवायचं नाही."

"आणि दुरुस्त नाही झाला तर?" संचालकांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण उद्घाटनाच्या निमंत्रणांवर त्याच्या सह्या झालेल्या होत्या.

"तर बसवा. मला दिसणारच नाही, म्हणजे रागही येणार नाही."

संचालकांना हसू आवरलं नाही आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. चोचभिंत ठरल्या दिवशी उघडली. बिघडलेल्या चोचींच्या भोकांवर भाचीने लाकडी पट्ट्या ठोकल्या. गंमत अशी की लोक उघडी भोकं सोडून त्या पट्ट्यांपाशीच रेंगाळायचे आणि घुबडाला विचारायचे, ह्यात काय आहे. घुबड म्हणायचा, "एक पेशंट आहे आत. बरा झाला की बाहेर येईल."

दवाखान्यात आत्याने डॉक्टरला सुरुवातीलाच बजावलं. "माझ्याशी मऊ आवाजात बोलायचं नाही. काय करणार ते सांगायचं आणि करायचं." डॉक्टर भाचीच्या वयाची होती. तिने सांगितलं: डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, पिवळं पडलंय, ते काढून स्वच्छ भिंग बसवायचं. आईच्या वेळची गोष्टही तिने ऐकून घेतली, मध्ये न तोडता. "तेव्हा असं व्हायचं," ती म्हणाली. "आता फार क्वचित होतं. होतच नाही असं मी म्हणणार नाही." हे ऐकून आत्याला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. होतच नाही म्हणाली असती तर ती उठून घरी गेली असती.

तिला आत नेलं. भाची बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. सुताराचे हात, पण डब्याचं झाकण तिला धड लागत नव्हतं.

डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा भाचीने नुसती काडी समोर धरली.

आत्याच्या डोळ्याला पाणी येत होतं. तिने मान तिरकी केली, पक्ष्यासारखी. मग जुना डोळा हाताने झाकला आणि पुन्हा बघितलं.

"पांढरी," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "किती पांढरी आहे गं ही. मी बनवली होती?"

"तूच."

"आणि तुझा हा शर्ट. मला वाटायचं राखाडी आहे. हा निळा आहे."

"पहिल्यापासून निळाच आहे."

"मग सांगायचं नाही का बये मला?"

"शर्टाचा रंग कोण सांगत बसतं?"

थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, असं सगळं डॉक्टरने बजावलं. आत्याने मान डोलावली आणि रिक्षा घराऐवजी संग्रहालयाकडे वळवली. भाचीने चांदव्याच्या भोकावरची पट्टी उचकटली. आत्याने काळा चष्मा काढून भोकाला नवा डोळा लावला. घुबड खुर्चीतून उठून, चक्क जागा होऊन, मागे येऊन उभा राहिला.

आत्या भोकाला नाक चिकटवून बघत राहिली.

"अगं बाई," ती शेवटी म्हणाली, "हा तर थंडीने गारठून मेलाय."

"मी तेच म्हणत होतो," घुबड म्हणाला.

"तुझं बरोबर होतं."

हे वाक्य त्या इमारतीत आत्याच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. घुबडाने ते पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला सांगितलं, तिकीट काढायला आलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा.

डॉक्टरने परवानगी दिली तशी ती कामाला बसली. टर्पेंटाइनच्या बोळ्याने निळा पुसून काढला. मग डब्यातली काडी समोर ठेवून पातळ, दुधासारखा एकेक थर चढवला. गायबगळ्यासाठी ती भाचीला घेऊन थेट गोठ्यावर गेली आणि म्हशीच्या पाठीवर बसलेल्या बगळ्याशेजारी काडी धरून आली. म्हशीने शेपटी मारली, भाचीच्या शर्टाला शेण लागलं. "ह्याचा रंग मला ओळखता येतो," आत्या म्हणाली.

पट्ट्या निघाल्या. पहिल्या सकाळी एक आजोबा नातीला घेऊन आले. नात भोकापर्यंत पुरेना, म्हणून भाचीने तिला उचलून धरलं. पोरीने आत बघितलं आणि बघितल्याबरोबर म्हणाली, "तलावातला काळा. भांडखोर."

"नाव काय त्याचं?" आजोबांनी विचारलं.

"नाव माहीत नाही. पण तोच आहे."

फळी उचलली. तोच होता.

आत्या मागच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. गर्दी पांगल्यावर ती स्वतः भोकाशी गेली. आधी नव्या डोळ्याने बघितलं, मग तो झाकून जुन्याने. पुन्हा नव्याने, पुन्हा जुन्याने. चुना आणि चहा, चुना आणि चहा. जुना डोळा अजून धुरातच होता आणि त्याच्यासाठी पुन्हा त्या टेबलावर आडवं व्हायचं होतं.

"बये," ती भाचीला म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. एकाच पक्ष्याच्या दोन दोन चोची बघून मला चक्कर यायला लागलीय."

भाचीने हातातली पटाशी खाली ठेवली.

"आणि निळ्याची नवी नळी आणू नकोस," आत्या म्हणाली. "पुरेल आहे तेवढी."